चमच्याएवढी म्हातारी आणि तिचा लेखक: आल्फ प्रॉयसेन मराठीत कसा आणायचा?

बाई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कोल्हापूरकडे चौथीला शिकवता. वाचनालयात 'मिसेस पेपरपॉट' हे इंग्रजी पुस्तक हाती लागलं, त्यातल्या दोन गोष्टी वर्गात तोंडी सांगितल्या आणि पोरं हटून बसली, अजून सांगा म्हणून. आता त्या मराठीत लिहून काढायच्या आहेत. त्याआधी हा नॉर्वेचा आल्फ प्रॉयसेन कोण, कुठला आणि त्याला कुठल्या मराठीत बोलतं करायचं, हे तुम्हाला हवंय. मी बरीच वर्षं ओस्लोत राहते, शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि नॉर्वेजियन बालकथा मराठीत आणते. प्रॉयसेनशी झटापट करण्यात त्यातली बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून उत्तर लांबेल.

सगळ्यात आधी 'पेपरपॉट' म्हणजे ती मिरपूडदाणी बाजूला ठेवा. मूळ पुस्तकात मिरपूड नाहीच. नॉर्वेजियनमध्ये या बाईला म्हणतात 'तेशेशेरिंगा'. 'तेशे' म्हणजे चहाचा चमचा आणि 'शेरिंग' म्हणजे म्हातारी, किंवा खेड्यातला नवरा बायकोला 'आमची म्हातारी' म्हणतो ना, त्या अर्थाची बाई. शहरी माणसाला हा शब्द जरा रांगडा लागतो, कुणी तोंडावर म्हटला तर शिवीसारखाही लागतो. गावात तो रोजचा. इंग्रजीत आणताना चमच्याची मिरपूडदाणी झाली आणि म्हातारीची 'मिसेस' झाली. त्या एका शब्दात तिच्या अंगावर इस्त्रीचा फ्रॉक चढला. मूळ बाईला नावसुद्धा नाही. ती कुणाची तरी बायको आहे, घर लहान आहे, नवरा थोडा आळशी आणि खाण्याचा शौकीन आहे. तिची ओळख एवढीच.

मराठीत चमचा आणायचा तर एक भानगड आहे, ती तुमच्या लक्षात आलीच असेल. 'चमचा' म्हटलं की मोठ्या माणसांना साहेबाच्या मागे फिरणारा लाळघोट्या आठवतो. 'चमचाबाई' असं शीर्षक दिलंत तर शिक्षकांच्या खोलीत हशा पिकेल. मी बरेच दिवस 'पळी', 'डाव' असे शब्द चाळवून बघितले. पळी लांब, डाव मोठा. शेवटी 'चमच्याएवढी म्हातारी' यावर आले. 'एवढी' लावलं की चमचा निव्वळ माप होतो, गुण राहत नाही. शिवाय भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी, वाघाला न् कोल्ह्याला गुंडाळणारी म्हातारी आपल्या पोरांच्या ओळखीची आहे. प्रॉयसेनची म्हातारी तिचीच लांबची बहीण वाटते. दोघींकडे ताकद नाही, तोंड आहे.

आता माणसाकडे येते. आल्फचा जन्म २३ जुलै १९१४ चा. गाव रुद्सहॉग्दा, तालुका म्हणू या रिंगसाकेर, जिल्हा तेव्हाचा हेडमार्क. ओस्लोहून उत्तरेला गाडीने दीड-दोन तास. जवळच म्यॉसा आहे, नॉर्वेतलं सगळ्यात मोठं सरोवर. जमीन सुपीक, मळे मोठे, मळेवाले श्रीमंत. नॉर्वे म्हटलं की आपल्याला कडे आणि समुद्राचे चिंचोळे फाटे आठवतात. हे तसं नाही. हा बागायतदारांचा मुलूख आणि म्हणूनच गड्यांचाही. प्रॉयसेनचे वडील 'हुसमान' होते. या शब्दाला मराठीत एकच एक शब्द मिळत नाही. मोठ्या मळ्याच्या कडेला एक झोपडं आणि वीतभर जमीन मिळायची, त्या बदल्यात मालकाच्या शेतावर राबायचं. आपला सालगडी आणि आपलं कूळ यांच्या मधलं काहीतरी. त्या झोपड्याच्या जागेचं नाव होतं प्रॉयसेन. मुलाचं कागदोपत्री नाव आल्फ ओलाफसेन, म्हणजे ओलाफचा मुलगा. पुढे त्यानं आडनाव म्हणून त्या जागेचं नाव घेतलं. ज्या जागेमुळे लोक तुम्हाला खालचा समजतात, तिचंच नाव पुस्तकाच्या पाठीवर छापायचं. मला तरी हा त्याचा पहिला आणि सगळ्यात धीट निर्णय वाटतो.

तरुणपणी त्यानं मळ्यांवर गडी म्हणून काम केलं, गोठे सांभाळले, दुधं काढली. लिहायला लागला तो या माणसांवरच. दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी, १९४५ मध्ये, पहिला कथासंग्रह आला. तो मोठ्यांसाठी होता आणि त्याच्या नावातच घरचा उंबरा होता. १९४८ मध्ये गाण्यांचं पुस्तक आलं, त्याच्या नावाचा अर्थ 'गड्यांच्या खोलीतली गाणी'. १९५० मध्ये कादंबरी आली, 'त्रोस्त इ ताकलांपा', म्हणजे छताच्या दिव्यातला कस्तुर पक्षी. गावाकडची एक मुलगी, गुनवोर, शहरात राहून परत येते आणि तिला कळतं की गावानं तिला अजून जुन्याच पायरीवर उभं केलंय. या कादंबरीवर १९५५ मध्ये सिनेमाही निघाला. मुलांच्या लेखकाबद्दल विचारलं आणि ही मोठ्यांची पुस्तकं का सांगतेय, असं वाटेल. सांगतेय कारण त्याच्या लेखनाला मधे भिंत नाही. कादंबरीतली गुनवोर जे सोसते तेच गोष्टीतली म्हातारी हसत करून टाकते.

मुलांपर्यंत तो पोहोचला रेडिओवरून. नॉर्वेत दूरदर्शन रीतसर सुरू झालं ते १९६० मध्ये. तोपर्यंत, आणि नंतरही बरीच वर्षं, घरात आवाज एकच, एनआरके या सरकारी रेडिओचा. दुसरं केंद्रच नव्हतं. त्यावर शाळेत न जाणाऱ्या चिमुरड्यांसाठी रोजचा छोटा कार्यक्रम असायचा. तिघांनी तो गाजवला: थोरब्यॉर्न एग्नेर, आन्ने-कात वेस्टली आणि प्रॉयसेन. एग्नेरनं दातातल्या किड्यांची आणि वेलदोड्याच्या गावाची गोष्ट दिली. वेस्टलीनं शहरातल्या इमारतींमधली, घर सांभाळणाऱ्या बाबांची कुटुंबं दिली. तिघांत सगळ्यात सफाईदार एग्नेर, सगळ्यात पुढचा विचार करणारी वेस्टली. प्रॉयसेनकडे होता आवाज. त्याच्या जुन्या ध्वनिफिती ऐकल्या तर कळतं की तो वाचत नाही, सांगतो. मधेच थांबतो, स्वतःशीच हसल्यासारखं करतो, मग पुढे जातो. त्याच्या गोष्टी कागदावर उतरल्यात, पण बसल्यात त्या जिभेवर. तुम्ही आधी तोंडी सांगितल्यात म्हणूनच वर्ग खूश झाला, असं मला वाटतं.

त्याचं उंदरांचं गाणं इथे सगळ्यांना पाठ आहे. १९४६ च्या सुमाराचं. नाताळ जवळ आलाय, रात्री लांबल्यात, थंडी पडलीय, आणि उंदीरआई पोरांना जवळ घेऊन सांगते की कुणी सापळ्यात सापडलं नाही तर आपण सगळे मिळून सण साजरा करू. पहिल्याच कडव्यात सापळा! चाल उड्या मारणारी, शब्द ठेक्याचे, बालवाडीतली पोरं टाळ्या वाजवत म्हणतात. पण त्या 'तर' मध्ये गरिबाच्या घरचा अख्खा सण आहे. आमच्या ग्रंथालयात एकदा एका आजीनं मला सांगितलं, लहानपणी हे गाणं संपेपर्यंत ती मनातल्या मनात उंदराची पोरं मोजत असे.

मोजण्यावरून 'दहापर्यंत मोजता येणारं करडू'. तुमच्या वर्गासाठी मी हीच पहिली निवडेन. एक करडू पाण्यात आपलं प्रतिबिंब बघतं आणि म्हणतं, एक. वासरू विचारतं, काय चाललंय? मोजतोय. दुखतं का? नाही. मग करडू त्यालाही मोजतं: मी एक, तू दोन. वासरू भोकाड पसरतं, यानं मला मोजलं! गाय धावते, तिलाही मोजलं जातं. मग बैल, मग घोडा, एकेक जण संतापून करडाच्या मागे लागतो, कारण प्रत्येकाला मोजलं गेल्याचा अपमान वाटतो. शेवटी सगळे एका नावेत जाऊन पडतात. नावेत दहापेक्षा जास्त जण बसले तर ती बुडणार. आता मोजणारा कोण? करडू. दहा भरतात, नाव तरते, सगळे जयजयकार करतात. १९६८ मध्ये मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म या कार्टून स्टुडिओनं यावर छोटा कार्टूनपट केला, म्हणून रशियन बोलणारी माणसंही ही गोष्ट आपलीच समजून सांगतात.

लोक ही गोष्ट आकडे शिकवायला वापरतात. वापरा, काही बिघडत नाही. पण ती शिक्षणाचा प्रचार वाटू देऊ नका. गड्याच्या घरात मोजतं कोण? मालकाचा कारकून. किती दिवस भरले, किती दूध निघालं, किती उचल दिली. मोजलं जाणं म्हणजे कुणाच्या तरी वहीत जाणं. हा अर्थ मी लावलेला आहे, प्रॉयसेननं कुठे तो समजावून सांगितलेला नाही. पण आपल्याकडेही पोरं मोजू नयेत, दृष्ट लागते, असं म्हणणाऱ्या आज्या आहेतच. तुमच्या वर्गातली मुलं वासराची बाजू पटकन घेतील, बघा.

आता म्हातारी. नॉर्वेजियन पुस्तकं १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात यायला लागली. स्वीडनमध्येही ती तितकीच घरची झाली. तिथल्या आवृत्त्यांना चित्रं ब्यॉर्न बेर्गनी काढली, आस्ट्रिड लिंडग्रेनच्या एमिल या खोडकर मुलाच्या गोष्टींची चित्रं काढणारे तेच. १९६७ मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीनं डिसेंबरात, नाताळपर्यंत रोज एक भाग अशी तिची मालिका केली. १९८३-८४ मध्ये जपानच्या एनएचके या दूरचित्रवाणीनं १३० भागांची कार्टून मालिका काढली, तिथे ती झाली 'स्पून ओबासान', चमचामावशी. बघा, जपान्यांनीही चमचाच ठेवला.

पहिल्या गोष्टीत ती रात्री झोपते आणि सकाळी उठते ती चमच्याएवढी होऊन. शाप नाही, परी नाही, औषध नाही, कारणच नाही. आणि पुढची ओळ ऐकून मी पहिल्यांदा खुर्चीत नीट बसले होते: ती रडत नाही, 'अरे देवा, हे काय झालं' म्हणत नाही. तिच्या डोक्यात येतं की घर झाडायचंय, कपडे धुवायचेत, नवरा येईल तोवर जेवण व्हायला हवं. उंदराला मांजराची भीती घालून झाडलोट करून घेते, मांजराला कुत्र्याची भीती घालून कामाला लावते. पावसाला डिवचते, वाऱ्याला डिवचते, सूर्याला डिवचते, कपडे धुऊन वाळून तयार. पीठ, तवा, चूल यांनाही तसंच बोलबोलून कामाला लावते. नवरा दारात येतो तेव्हा ती पुन्हा नेहमीएवढी.

जादूच्या गोष्टीत लहान झालेलं माणूस साहसाला निघतं. ही बाई लहान होते आणि तिच्यासमोर तीच कामं उभी असतात, फक्त डोंगराएवढी. प्रॉयसेननं जे झोपडं पाहिलं होतं, तिथल्या बायकांचं आयुष्य हेच. अंगात ताकद नसली तरी काम थांबत नाही. मग ज्याच्याकडे ताकद आहे त्याला बोलण्यात पकडून काम काढून घ्यायचं. या गोष्टी 'गोड' करण्याचा मोह टाळा, असं मी प्रत्येक अनुवादकाला सांगते. ती गोड नाही, चलाख आहे. मांजराला धमकी देताना तिचा आवाज चढतो. तो चढू द्या.

जेवणाचं आधी निस्तरून टाकते. गोष्टीत ती 'पानकाके' करते. इंग्रजीवरून आलात तर तुम्ही पॅनकेक लिहाल, आणि पोरांच्या डोळ्यापुढे जाहिरातीतला जाड, वर मध ओघळणारा केक येईल. नॉर्वेतला पानकाके पातळ असतो, तव्याभर पसरलेला, जाळीदार कडेचा. मराठीत तो धिरडं आहे, दुसरं काही नाही. मी धिरडं लिहिलं होतं. एका प्रकाशनाच्या संपादकांनी ते खोडून पॅनकेक केलं, का तर 'परदेशी वातावरण राहायला हवं'. मी सहा महिने भांडले. पुस्तक पॅनकेकसकट निघालं. तुम्ही धिरडंच करा. त्यात अंडं आणि दूध असतं, एवढं एका वाक्यात सांगितलं की झालं.

आणि आता भाषा, जी तुमच्या प्रश्नातली खरी गाठ आहे. नॉर्वेत लिहायच्या दोन अधिकृत भाषा आहेत. एक बूकमॉल, डॅनिशच्या छायेत वाढलेली. दुसरी निनॉर्स्क, इवार ओसेन यानं एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या बोलींवरून बांधलेली. प्रॉयसेननं बरीचशी गाणी आणि मोठ्यांच्या गोष्टी लिहिल्या त्या रिंगसाकेरच्या बोलीत. 'मी' ला पुस्तकी 'याय' ऐवजी 'ये', 'नाही' ला 'इक्के' ऐवजी 'इत्ते'. तीच बोली तो रेडिओवर बोलला. पन्नाशीच्या दशकात या देशात शाळेच्या पुस्तकांतल्या शब्दांच्या रूपांवरून जोरदार भांडण चालू होतं. गावठी वाटणारी रूपं खोडून ओस्लोतले काही पालक पेन घेऊन पोरांची पुस्तकं सुधारत बसायचे. आणि त्याच घरातल्या रेडिओतून हा गोठ्यातला गडी 'इत्ते' म्हणत होता.

म्हातारीच्या गोष्टी मात्र पूर्ण बोलीत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. त्या बूकमॉलमध्येच आहेत, पण बोलीकडे झुकलेल्या. शीर्षकातच तो 'लिता' आणि 'एइ' अशी स्त्रीलिंगी रूपं वापरतो. नागर लेखकानं तिथे 'लितेन' आणि 'एन' लिहिलं असतं. एक-दोन अक्षरांचा फरक, पण ऐकणाऱ्याला कळतं की सांगणारा कुठून आलाय. कोल्हापूरची बाई 'मी आलो' म्हणते आणि पुण्याच्या माणसाला तेवढ्यावरून गाव कळतं, अगदी तसं. तुम्हाला हे मी काय समजावणार!

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. तुमच्या वर्गाची कोल्हापुरी घ्या, पण चिमटीनं. पाचसहा रूपं ठरवा, 'न्हाई', 'हाय', 'कुटं', 'आनी', अशी, आणि ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत धरून ठेवा. प्रत्येक शब्द उच्चारानुसार लिहायला गेलात तर चौथीतलं मूल अडखळेल आणि बोली विनोदासाठी आणल्यासारखी दिसेल. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: बोली फक्त पात्रांच्या तोंडी ठेवू नका. आपल्याकडे जुनी सवय आहे, निवेदन शुद्ध पुस्तकी आणि गडीमाणूस तेवढा गावरान. मी पहिल्या मसुद्यात तेच केलं. उंदीर 'व्हय जी' म्हणायचा आणि म्हातारी पेठेतल्या मराठीत हुकूम सोडायची. महिनाभरानं वाचलं तेव्हा लाज वाटली, कारण मी त्या झोपड्यात नकळत मालकीण आणून बसवली होती. प्रॉयसेनकडे सांगणाराही त्याच झोपड्यातला आहे. निवेदकाला थोडं तरी गावचं राहू द्या.

गाणी अनुवादायला घेऊ नका, निदान आत्ता नको. एकाची फक्त गोष्ट सांगा. एका मुलाला बॅबिलॉनचं चित्र काढायचंय, गुरुजी नाही म्हणतात, तो रडतो. गाणं त्याला सांगतं की उद्या तुला एक कोरा दिवस मिळेल, पांढरे कागद आणि रंगीत खडू घेऊन आलेला. पुढच्या कडव्यांत तोच मुलगा मोठा होतो आणि आयुष्यातले नकार मोठे होत जातात. इथे हे गाणं शाळेत म्हणतात आणि अंत्यविधीलाही म्हणतात. चाल, बोली आणि शब्द असे एकात एक गुंतलेत की मी तीनदा हात लावून तीनदा सोडलं.

त्याच्या उरलेल्या आयुष्याबद्दल फार लांबवत नाही. १९४८ मध्ये लग्न झालं, दोन मुलं. मजूर पक्षाच्या दैनिकात वर्षानुवर्षं छोटे लेख लिहिले, नाटकं लिहिली, देशभर गात फिरला. २३ नोव्हेंबर १९७० ला कर्करोगानं गेला, तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. रुद्सहॉग्दाला त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, आणि जन्माचं ते झोपडंही जपून ठेवलंय. कधी इकडे आलात तर आधी झोपड्यात जा. आत उभं राहिलं की म्हातारी चमच्याएवढी का, हे वेगळं विचारावं लागत नाही.

हक्कांचं सांगायलाच हवं. वर्गात सांगणं, वाचून दाखवणं, फळ्यावर लिहिणं यात कुणी आडवं येणार नाही. छापायचं किंवा नेटवर टाकायचं असेल तर परवानगी लागेल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे याचे २०३० च्या अखेरपर्यंत. नॉर्वेत ७० वर्षं, म्हणजे २०४० पर्यंत. प्रकाशक मिळाला तर त्याला नोर्लाकडे अर्ज करायला सांगा. नॉर्वेजियन साहित्य बाहेर नेण्यासाठी अनुवादाला मदत देणारी ही संस्था आहे. अर्ज प्रकाशकानं करायचा असतो, अनुवादकानं नव्हे. यात पुष्कळांचा वेळ फुकट जातो, माझाही गेला होता.

करडापासून सुरुवात करा, मग म्हातारीची पहिली गोष्ट. ती सांगितल्यावर कुणीतरी हमखास विचारेल, 'बाई, ती लहान का झाली?' मी ग्रंथालयात ही गोष्ट बऱ्याचदा सांगितलीय आणि दर वेळी हा प्रश्न आलाय. पुस्तकात कारण दिलेलं नाही. तुम्हीही देऊ नका, त्यांनाच विचारा. आणि त्यांनी काय सांगितलं ते मला नक्की कळवा.